एका गाडीच्या जागेत अकरा मुले

मोटार उभी करायला नियमाने अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. साडेबारा चौरस मीटर. फुटांत सांगायचे तर सुमारे १३५ चौरस फूट. पाळणाघरात एका मुलाला किती जागा हवी, तेही सरकारने लिहून ठेवले आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मानके जाहीर केली. त्यांत मुलामागे दहा ते बारा चौरस फूट सांगितले आहेत. वरची मर्यादा धरून भागाकार केला, तर एका मोटारीच्या जागेत अकरा मुले मावतात.

महापे एमआयडीसीत हा भागाकार कुठेही उभे राहून करता येतो. मिलेनियम बिझनेस पार्कच्या गल्ल्यांमधून दुपारी फिरून पाहा. इमारतींखाली गाड्या, फाटकाबाहेर गाड्या, पदपथावर चढवलेल्या गाड्या. अकरा, बावीस, तेहतीस, चव्वेचाळीस. शंभर गाड्यांपर्यंत पोचलात की अकराशे मुले झाली. इमारतीचा नकाशा मंजूर होताना गाड्यांच्या जागा मोजल्या जातात आणि त्या कमी पडल्या तर काम अडते. मुलांच्या जागेवरून नकाशा अडला, असे मात्र सहसा ऐकू येत नाही.

आता तळघरातल्या पार्किंगमध्ये कोणी पाळणे टांगावेत, असे म्हणायचे नाही. मुलांना उजेड हवा, वारा हवा, जवळ संडास हवा, खिचडी शिजवायला ओटा हवा, आणि मानकांनुसार पाळणाघर शक्यतो तळमजल्यावर हवे. पण बोलण्याची सुरुवात बहुधा ‘जागाच नाही’ या वाक्याने होते, म्हणून जागेचा हिशेब आधी उरकून घेतला. या सगळ्या प्रकरणात जागा ही सर्वांत स्वस्त गोष्ट आहे.

महापे हे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या वसाहतींपैकी ही एक. सुमारे अडीच हजार हेक्टरांचा हा पट्टा ठाणे खाडीला समांतर, दिघ्यापासून बेलापूरच्या दिशेने पसरला आहे. नवी मुंबई वसवणारे सिडको त्यानंतर आठ वर्षांनी, १७ मार्च १९७० रोजी आले. म्हणजे इथे कारखाना आधी आला आणि शहर मागाहून. आधी रसायने, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, मग इलेक्ट्रॉनिक्स, मग संगणकाच्या कंपन्या, कॉल सेंटर आणि डेटा सेंटर. मोठ्या काचेच्या इमारतीला लागून पत्र्याचा गाळा, गाळ्यात वीस-पंचवीस बायका पॅकिंग करताहेत, हे दृश्य इथे नेहमीचे. माणसे घणसोली आणि कोपरखैरणे स्थानकांवर उतरून रिक्षाने किंवा बसने येतात, नाहीतर शिळफाट्याची कोंडी फोडत कल्याण-डोंबिवलीकडून येतात. त्यांच्याबरोबर मुले येत नाहीत. ती कुठेतरी ठेवून यावी लागतात.

किती मुले? इथे पहिली अडचण उभी राहते. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११,२०,५४७ होती. त्यानंतर जनगणना झालेली नाही; पुढची २०२७ ची ठरली आहे. पाळणाघरांचे नियोजन करताना हे जरा विनोदीच ठरते, कारण २०११ साली जे मूल पाळण्यात असताना मोजले गेले, ते आता दहावीच्या परीक्षेला बसण्याच्या वयाचे आहे. तरी हातात तेवढेच आकडे आहेत, तेच वापरू. महाराष्ट्रात तेव्हा सहा वर्षांपर्यंतची मुले १ कोटी ३३ लाख होती. एकूण लोकसंख्येच्या जवळजवळ बारा टक्के. नवी मुंबईला तेच प्रमाण लावले तर सुमारे १ लाख ३३ हजार मुले होतात. जनगणनेची ‘शून्य ते सहा’ ही पट्टी प्रत्यक्षात सात वर्षांची असते आणि पाळणाघराचे वय सहा महिने ते सहा वर्षे. तेवढी काटछाट केली की एक लाखाच्या थोडी वर संख्या उरते. त्यांपैकी पाचातल्या एकाच मुलाला पाळणाघराची गरज आहे असे धरले (हे प्रमाण माझे, आणि मुद्दाम कमी ठेवलेले), तर वीस हजारांहून अधिक मुले झाली. मानकांप्रमाणे तीस मुलांमागे एक पाळणाघर. म्हणजे एकट्या नवी मुंबईला, तेही पंधरा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येला, सातशेच्या आसपास पाळणाघरे लागतात.

हा सातशेचा आकडा लक्षात ठेवून राज्याकडे बघू. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’खाली २०२२ पासून ‘पाळणा’ नावाची योजना आहे. अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड द्यायची, खर्च केंद्राने ६० टक्के आणि राज्याने ४० टक्के उचलायचा. महाराष्ट्राने २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यात ३४५ केंद्रांना मान्यता दिली. सबंध महाराष्ट्रात, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, ३४५. एका केंद्रात जास्तीत जास्त २५ मुले. गुणाकार केला की ८,६२५ जागा मिळतात. राज्यातली त्या वयाची मुले कोटीच्या घरात आहेत. म्हणजे साधारण बाराशे मुलांमागे एक जागा. पंढरपूरला जाणाऱ्या एखाद्या मोठ्या दिंडीसाठी एक छत्री पाठवावी, तसे हे झाले.

सुरुवात लहानच असते, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. पण ही सुरुवात नाही. नोकरी करणाऱ्या मातांच्या मुलांसाठी राजीव गांधींच्या नावाची राष्ट्रीय पाळणाघर योजना २००६ सालीच सुरू झाली होती. तिच्याखाली एकेकाळी देशभर २३ हजारांच्या वर पाळणाघरे चालत होती. २०१७ मध्ये योजनेचे नाव आणि खर्चाची वाटणी बदलली, आणि २०२० येईपर्यंत साडेसहा हजारांच्या आत उरली. तीन-चार वर्षांत सोळा हजारांहून जास्त पाळणाघरे गेली. एका पाळणाघरात २५ मुले धरली तर चार लाख मुलांच्या जागा. एखादा कारखाना बंद पडला तर फाटकावर सभा होते, पत्रके निघतात. चार लाख मुलांच्या जागा गेल्या आणि त्यांच्या आयांनी सकाळी आपापल्या घरी काहीतरी दुसरी सोय लावली किंवा काम सोडले. नव्या योजनेत देशभर १७ हजार केंद्रांचे उद्दिष्ट आहे. म्हणजे ते सगळे पूर्ण झाले तरी आपण जिथे होतो, त्याच्या अलीकडेच थांबणार.

आता पैशाकडे येतो, कारण या विषयातला मला सर्वांत थक्क करणारा आकडा तिथे आहे. ‘पाळणा’ केंद्रात एक पाळणा सेविका असते, तिला महिना ५,५०० रुपये मानधन. आणि एक मदतनीस, तिला ३,०००. केंद्र महिन्याला २६ दिवस आणि रोज साडेसात तास उघडे. म्हणजे महिन्याचे १९५ तास. दोघींचे मिळून ८,५०० रुपये भागिले १९५ तास, भागिले २५ मुले. उत्तर येते एक रुपया चौऱ्याहत्तर पैसे. एका मुलाला तासभर सांभाळायचे, भरवायचे, धुवायचे, झोपवायचे, पडले तर उचलायचे, चावले तर सोडवायचे, याचा सरकारी दर पावणेदोन रुपये. अंगणवाडी सेविकेला आणि तिच्या मदतनिसाला या कामापोटी जो १,५०० आणि ७५० रुपयांचा जादा भत्ता आहे तोही मिळवला, तर दर सव्वादोन रुपयांच्या जवळ जातो.

घणसोली स्थानकाबाहेर रिक्षात बसलात की मीटर २६ रुपयांवर सुरू होतो. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरचा तो दर आहे. पावणेदोन रुपयांच्या हिशेबाने त्या २६ रुपयांत एक मूल पंधरा तास सांभाळून मिळते. पंधरा तास म्हणजे केंद्राचे बरोबर दोन दिवस. रिक्षावाल्याला जास्त मिळतात असे मुळीच नाही. त्याचा दर निदान इंधन, दुरुस्ती, महागाई यांचा विचार करून अधूनमधून कोणीतरी ठरवते. मुले सांभाळणाऱ्या बाईच्या पैशाला ‘मानधन’ म्हटले की तो विचार करण्याचे कारण संपते, कारण किमान वेतन मजुरीला लागते.

मग कंपन्यांवर कायद्याने घातलेल्या सक्तीचे काय? ती गोष्ट शंभर वर्षांची आहे आणि तिची सुरुवात मुंबईच्या गिरणगावात होते. १९२२ साली डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी मुंबई सरकारसाठी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली. त्यांच्या अहवालातला एक आकडा इतिहासाच्या पुस्तकांत वारंवार येतो: कामगार बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात होती. बाळागोळी चाटवायची, मूल खोलीत झोपून राहते, आई खात्यावर जाते. शंभरातली अठ्ठ्याण्णव. एखाद्या आईला दोष द्यायला ही संख्या जागाच ठेवत नाही. ती त्या काळची पाळणाघर-व्यवस्थाच होती, आणि गोळीला पैसेही फारसे पडत नव्हते. मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा तो कायदा झाला. देशातला या प्रकारचा पहिला.

पाळणाघराची सक्ती त्यानंतर आली, आणि तिच्यासोबत उंबरठ्याचा आकडा आला. १९३१ च्या शाही कामगार आयोगाने २५० स्त्रिया असतील तिथे पाळणाघर असावे अशी शिफारस केली. १९३४ च्या कारखाने कायद्याने प्रांतांना ५० हून अधिक स्त्रियांच्या कारखान्यांसाठी नियम करण्याचा अधिकार दिला. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्यात ५० च राहिले. १९७६ मध्ये ते ३० वर आले. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यातली २६ आठवड्यांची पगारी रजा सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारचे कलम मात्र कमी वाचले गेले. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, आणि इथे पहिल्यांदा ‘स्त्रिया’ हा शब्द जाऊन ‘कर्मचारी’ हा शब्द आला. पाळणाघर बायांच्या संख्येवर ठरत होते तोवर तीस बायांवर भरती थांबवण्याची सोय होती. एकतिसावी बाई कारखान्याला महाग पडत असे, एकतिसावा पुरुष कधीच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, जुने कायदे त्यांत गेले, तरी पन्नासाचा आकडा राहिला.

पन्नास हा आकडा कागदावर लहान दिसतो. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या. त्यांपैकी साडेपंच्याण्णव टक्के ठिकाणी एक ते पाच माणसे काम करत होती. दहा किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापना किती? १.३७ टक्के. पन्नासाचा उंबरठा याही १.३७ च्या आत, आणखी वरच्या पायरीवर आहे. कायदा मोडणाऱ्यांची आपण चर्चा करतो, पण कायदा पूर्णपणे पाळला गेला तरी शंभरातल्या अठ्ठ्याण्णवाहून जास्त दारांवर तो टकटक करत नाही. गिरणगावातली अठ्ठ्याण्णव आणि ही अठ्ठ्याण्णव यांचा एकमेकींशी संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण आकड्यांवर लिहिणाऱ्याला असा योगायोग सोडवत नाही. महाप्यातला पंचवीस बायांचा पॅकिंगचा गाळा असाच कायद्याच्या बाहेर उभा आहे, आणि त्याला लागून तसेच आणखी आठ गाळे.

इथेच एक फारसा न वापरलेला रस्ता आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात अनेक आस्थापनांनी मिळून एक किलोमीटरच्या परिघात सामाईक पाळणाघर चालवण्याची मुभा दिलेली आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही सामाईक सोयीची, पैसे एकत्र करण्याची, महापालिकेच्या किंवा संस्थेच्या पाळणाघराचा उपयोग करण्याची तरतूद आहे. आता नकाशावर कंपास ठेवू. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१४ हेक्टर. औद्योगिक पट्टा अडीच हजार हेक्टरांचा. निव्वळ भागाकाराने आठ वर्तुळे होतात. पट्टा लांबट आहे, वर्तुळे एकमेकांवर चढवावी लागतील, म्हणून डझनभर धरा. बारा ठिकाणे! ठाणे-बेलापूर रस्त्याच्या सगळ्या उद्योगांतला एकही माणूस सामाईक पाळणाघरापासून एक किलोमीटरहून दूर राहणार नाही, यासाठी बारा भूखंड पुरतात. अग्निशमन केंद्र, वीज उपकेंद्र, पाण्याच्या टाक्या यांची जागा वसाहत आखतानाच ठरते. या बारा जागा तशाच नकाशावर टाकायच्या.

इथपर्यंत सगळे सोपे वाटते, कारण अजून घड्याळ मध्ये आणलेले नाही.

सरकारी केंद्र साडेसात तास उघडे असते. महाप्यात नोकरीचे नऊ तास धरा, जेवणाच्या सुट्टीसकट. डोंबिवलीहून येणाऱ्या बाईचा येण्याजाण्याचा वेळ दिवसाला दोन तास धरला तर शिळफाट्यावरून रोज जाणारे हसतील, तरी दोनच धरू. अकरा तास. अकरातून साडेसात गेले, साडेतीन उरले. हे साडेतीन तास महिन्याचे २६ दिवस आणि वर्षाचे बारा महिने धरले की १,०९२ तास होतात: पंचेचाळीस दिवस आणि पंचेचाळीस रात्री. सरकारी पाळणाघर मिळूनही वर्षातला दीड महिना अखंड त्या मुलाजवळ दुसरे कोणीतरी बसावे लागते. ते कोणीतरी म्हणजे आजी. सासूचे किंवा आईचे गुडघे ठीक असणे ही या पट्ट्यातल्या उद्योगांची मूलभूत गरज आहे, पण औद्योगिक धोरणाच्या कागदात तिचा उल्लेख सापडत नाही.

रात्रपाळीचा विषय तर निराळाच. राज्याच्या त्याच दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रियांना, त्यांची संमती असेल तर, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम करण्याची वाट मोकळी केली. वाहनाची सोय हवी, संरक्षण हवे, असे सगळे नीट लिहिले आहे. बाळ रात्री दोन वाजता कुठे असेल, हे मात्र दिवसाच्या पाळणाघरावर सोडले आहे.

शिवाय पाळणाघर कुठे हवे, घराजवळ की कामाजवळ? कायदा कामाजवळ म्हणतो आणि आईला दिवसातून चार फेऱ्यांची मुभा देतो, विश्रांतीची वेळ धरून. मानकांनुसार अंतर पाचशे मीटरपर्यंत चालते. चार फेऱ्यांचे जाऊन-येऊन चार किलोमीटर. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर १,२०० किलोमीटर. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हा रेल्वेमार्ग १,४०० किलोमीटरांहून थोडा कमी आहे. म्हणजे दूध पाजणारी आई कायद्याने दिलेला आपला हक्क पुरेपूर वापरेल तर वर्षभरात पायी जवळजवळ दिल्ली गाठेल. रायगडाचा कडा एकदा उतरून गेलेल्या हिरकणीची आठवण इथे कोणालाही होईल. मला त्या कथेचा शेवट नेहमी खटकतो. तिचा सत्कार झाला आणि ती जिथून उतरली ती वाट बुरूज बांधून बंद केली गेली. गडाच्या संरक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण पुढच्या दूधवालीचे बाळ खालीच राहिले असणार.

घराजवळचे पाळणाघर निवडले तर मूल शिळफाट्याच्या धुळीतून वाचते, पण मग चार फेऱ्या नाहीत आणि साडेतीन तासांची फट परत येते. सहा महिन्यांच्या बाळाला कामाजवळचे आणि तीन वर्षांच्या मुलाला घराजवळचे पाळणाघर सोयीचे, हे कोणतीही आई सांगेल. सरकारी आकडा मात्र सहा महिने ते सहा वर्षे असा एकच गठ्ठा बांधतो.

हे सगळे घरात कोण निभावते, तेही मोजलेले आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्याचे बिनपैशाचे काम करताना आढळल्या, दिवसाला सरासरी १४० मिनिटे. पुरुष २१.४ टक्के आणि मिनिटे ७४. पुरुषांचा आकडा शून्य नाही, हे नोंदवायला हवे. पाळणाघरातून मुलाला आणायला येणारे बाप नवी मुंबईत दिसतात आणि ते पाहुण्यासारखे दारात उभे राहत नाहीत.

यातले काहीच नवे किंवा परके नाही. महापे आज ज्या ठाणे जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात २०१४ पर्यंत बोर्डी आणि कोसबाडही होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा प्रयोग. अंगणवाडी हे नाव तिथले. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती त्यांची विकासवाडी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र. थोरली बहीण शाळेत येत नाही, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर आहे, हे त्यांनी ओळखले. धाकट्याला पाळणाघरात घेतले की थोरली वर्गात बसते. एका जागेत दोन मुले सुटतात, हा हिशेब शिक्षण खात्याच्या पटावर कधी उमटला नाही. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली तेव्हा अंगणवाडी देशभर गेली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात लाखाच्या वर. पण अंगणवाडी काही तासांची असते. कोसबाडचे पाळणाघर मात्र टेकडीवरून फारसे खाली उतरले नाही.

बांधकामांवर ते काम संस्थांनी केले. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाच्या बांधकामावर, मातीत ठेवलेली मुले पाहून तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातूनच मोबाइल क्रेश ही संस्था उभी राहिली, आणि १९७२ पासून तिचे काम मुंबईत चालू आहे. इमारत पुरी झाली की पाळणाघर पुढच्या इमारतीकडे. नवी मुंबईसारखे शहर ज्यांनी उभे केले त्यांच्या मुलांसाठी हा हिशेब वेगळाच असतो: पत्ता दर दोन वर्षांनी बदलतो.

सरकारने मनावर घेतले तर वेग किती असू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेत आहे, आणि तेही युद्धाने घडवलेले. दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत आल्या, तेव्हा सरकारी पैशाने तीन हजारांवर पाळणाघरे निघाली. जुलै १९४४ मध्ये एका वेळी १ लाख ३० हजार मुले त्यांत होती. पोर्टलंड शहरातल्या कायझरच्या जहाजबांधणी कारखान्यांच्या फाटकावर नोव्हेंबर १९४३ मध्ये दोन पाळणाघरे उघडली. तिन्ही पाळ्यांसाठी चोवीस तास उघडी. आई सुटताना मुलाबरोबर रात्रीचे तयार जेवणही घरी घेऊन जाई. दोन वर्षे पुरी व्हायच्या आत त्यांनी ३,८११ मुले सांभाळली. दर दिवसाची हजेरी एकेक धरली तर जवळजवळ अडीच लाख हजेऱ्या. युद्ध संपले आणि सप्टेंबर १९४५ मध्ये दोन्ही बंद झाली. जहाजे नको होती, म्हणून बायका नको होत्या, म्हणून पाळणाघरे नको होती.

शांततेच्या काळातले उदाहरण कॅनडातल्या क्यूबेक प्रांताचे. तिथे १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर या सरसकट दराने पाळणाघरे सुरू झाली. अर्थतज्ज्ञ पिएर फोर्तँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ सालाचा हिशेब मांडला: या एका धोरणामुळे सुमारे ७० हजार अधिक माता नोकरीत होत्या, आणि प्रांताने अनुदान म्हणून घातलेल्या दर १०० डॉलरमागे करांतून व इतर बचतीतून १०४ डॉलर परत आले. भारतात हे उत्तर तसेच येणार नाही. आपल्याकडच्या बहुसंख्य बायका आयकर भरण्याइतक्या कमावत नाहीत. तरी शंभर घालून एकशे चार येऊ शकतात हे कळल्यावर ‘परवडत नाही’ हे वाक्य निदान थोडे हळू म्हणावे लागते.

आता महाप्यावर परत. इथे २१ एकरांवर इंडिया ज्वेलरी पार्क उभे राहत आहे, आणि त्यातून एक लाख रोजगार मिळतील असे जाहीर झाले आहे. घोषणेतल्या रोजगारांवर विश्वास ठेवण्याची सक्ती नाही, पण हिशेबाला लाख ही संख्या सोपी आहे. लाख माणसांत दहातल्या एकाला पाळणाघराच्या वयाचे मूल आहे असे समजू. बाई असो की पुरुष. दहा हजार मुले. बारा चौरस फुटांप्रमाणे १ लाख २० हजार चौरस फूट, म्हणजे पावणेतीन एकर. तेही एकाच मजल्यावर धरले तर. गाड्यांत सांगायचे तर नऊशेहून कमी गाड्या. मानकांनुसार तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका, त्यावरच्या वीस मुलांमागे एक. निम्मी-निम्मी मुले धरली तर ७५० सेविका, आणि तितक्याच मदतनीस. म्हणजे पंधराशे नोकऱ्या पाळणाघरांतच तयार होतात, आणि लाखाच्या घोषणेत त्या कोणी धरलेल्या नाहीत.

सेविकेला ५,५०० ऐवजी २०,००० रुपये द्या, मदतनिसाला १५,०००. महिन्याला २ कोटी ६२ लाख ५० हजार. भाडे, जेवण, वीज, औषधे, लांबलेल्या पाळीसाठी आणि सुट्टीसाठी बदली माणसे, या सगळ्यांसाठी तेवढेच पुन्हा. सव्वापाच कोटी. आकडा ऐकून वित्त अधिकारी चष्मा काढतील. लाख माणसांवर वाटला की डोई महिना ५२५ रुपये होतात. रिक्षाचे मीटर वीस वेळा पडले की तेवढे होतात. हे पैसे आईकडून मागायचे नाहीत आणि ज्याच्याकडे पन्नासावा माणूस आहे त्या एकट्या मालकाकडूनही नाहीत. पंचवीस बायांच्या गाळ्याला हे महिन्याला तेरा हजारांच्या आसपास पडते. ते जड वाटत असेल तर पहिली काही वर्षे निम्मे सरकारने उचलावे, ‘पाळणा’च्या ६०:४० मधूनच.

वसुलीची यंत्रणा नवी लागत नाही. एमआयडीसी प्रत्येक भूखंडधारकाकडून पाणीपट्टी घेते, रस्ते-दिवे-गटारांसाठी सेवाशुल्क घेते, आणि ते थकले तर नोटीसही काढते. त्या बिलात पाळणाघराची एक ओळ वाढवणे आणि बारा भूखंड नकाशावर राखून ठेवणे, एवढे काम महामंडळाच्या एका ठरावाने सुरू होऊ शकते. पहिला भूखंड महाप्यात धरावा, मिलेनियम बिझनेस पार्क आणि गाळ्यांच्या मधोमध, आणि त्याच्या वेळा पहिली पाळी सुरू होण्याच्या अर्धा तास आधीपासून दुसरी पाळी सुटल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत ठेवाव्यात. रात्रपाळीसाठी एक खोली वेगळी.